बघणारा इथे, बिल तिथे: समाजमाध्यम कंपन्यांवर राज्याने कर लावायचा तरी कसा?

२०१७ सालची गोष्ट. इचलकरंजीच्या एक ताई घरून सुती साड्या विकायच्या. दुकान नाही, पाटी नाही. समाजमाध्यमावर फोटो टाकायचा, त्याची जाहिरात चालवायची आणि येतील त्या ऑर्डरी कुरियरने पाठवायच्या, असा सगळा व्यवहार. वर्षाचा हिशेब घेऊन त्या माझ्याकडे आल्या तेव्हा जाहिरातीचा खर्च १ लाख ४० हजार रुपये झाला होता. बिलं परदेशी कंपनीच्या नावाची. मी म्हटलं, ताई, यावर ६ टक्के कर सरकारकडे भरावा लागेल, म्हणजे ८,४०० रुपये.

त्यांनी शांतपणे विचारलं, "दादा, हा कर कंपनीवर आहे ना? मग पैसे माझ्या खिशातून का?"

कायद्याप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. कर कंपनीच्या कमाईवरच होता. ताईंनी फक्त कंपनीला पैसे देताना ६ टक्के कापून ठेवायचे आणि सरकारकडे जमा करायचे. पण पैसे तर त्यांच्या कार्डावरून आपोआप, पूर्णच्या पूर्ण वळते व्हायचे. कापून ठेवायला हातात काही उरतच नव्हतं. शेवटी ८,४०० रुपये ताईंनीच भरले.

त्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने याच कंपन्यांवर कर लावला आणि त्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे सुरू झाले, तेव्हा लक्षात आलं की वाद तोच आहे. कमाई नेमकी कुठे होते, आणि कर शेवटी कोण भरतो? हे दोन प्रश्न नीट समजले की बाकीचा सगळा गुंता सुटायला लागतो.

कमाई होते कशी?

आपण समाजमाध्यम फुकट वापरतो. कंपनी पैसे घेते ते जाहिरातदाराकडून, आणि त्याला विकते ती आपली नजर. आपण बोटाने पडदा वर सरकवत असतो. मध्ये जाहिरातीची एक जागा येते. ती जागा आधीपासून कुणाला विकलेली नसते. त्या क्षणी यंत्रांमध्ये लिलाव होतो. कुणी किती बोली लावली हे बघितलं जातं, आणि ही जाहिरात या माणसाला दाखवली तर तो त्यावर बोट ठेवेल का, याचाही अंदाज बांधला जातो. आपण काय बघतो, कुठे थांबतो, कोणत्या गावात आहोत, काल काय शोधलं, हे सगळं त्या अंदाजात मिसळलेलं असतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत लिलाव संपतो आणि साडीची जाहिरात पडद्यावर येते.

आता सांगा, ही कमाई कुठे झाली?

तीन उत्तरं देता येतात. कंपनीचं मुख्यालय कॅलिफोर्नियात आहे, प्रोग्राम तिथे लिहिला गेला, म्हणून तिथे. किंवा पैसे देणारी ताई इचलकरंजीत आहे, म्हणून इचलकरंजीत. किंवा जाहिरात बघणारी बाई नागपुरात बसली आहे, तिच्या नजरेशिवाय विकायला काहीच नव्हतं, म्हणून नागपुरात. तिन्ही उत्तरांत तथ्य आहे. मात्र कराचा कायदा यातलं कोणतं उत्तर धरतो, त्यावर कोणत्या सरकारच्या तिजोरीत पैसे पडणार हे ठरतं.

जुन्या करव्यवस्थेचं उत्तर सोपं होतं. परदेशी कंपनीचा कारखाना, कचेरी, गोदाम किंवा तिच्या वतीने सौदे करणारा माणूस तुमच्या देशात असेल, तरच तिच्या नफ्यावर तुम्ही कर लावा. कायद्यात याला स्थायी आस्थापना म्हणतात. दोन देशांनी एकाच नफ्यावर दोनदा कर लावू नये म्हणून जे करार असतात, ते याच कल्पनेवर उभे आहेत. साबण विकायचा तर गोदाम लागायचंच, त्यामुळे ही व्यवस्था अनेक दशकं चालून गेली. समाजमाध्यम कंपनीला मात्र कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचायला त्या देशात एक खुर्चीही मांडावी लागत नाही. बाजार आहे, गिऱ्हाईक आहे, कमाई आहे, पण बोट ठेवायला आस्थापना नाही.

मेरीलँडने काय केलं

मेरीलँड हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं साधारण ६२ लाख वस्तीचं राज्य. बाल्टिमोर त्यातलं मोठं शहर, अ‍ॅनापोलिस राजधानी. तिथे शाळांच्या सुधारणेची एक मोठी योजना आखली गेली होती. शिक्षकांचे पगार वाढवायचे, गरीब वस्त्यांतल्या शाळांना जास्त पैसे द्यायचे, लहान मुलांसाठी बालवर्ग सुरू करायचे. पैसे कुठून आणायचे, यावर घोडं अडलं होतं.

त्याच सुमारास, २०१९ मध्ये, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले पॉल रोमर यांनी डिजिटल जाहिरातींच्या उलाढालीवर चढत्या दराने कर लावावा असं सुचवलं. त्यांचा रोख नुसत्या महसुलावर नव्हता. माणसांवर पाळत ठेवून जाहिरात विकायची हा धंदाच समाजाला घातक आहे, तो महाग करावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मेरीलँडच्या आमदारांनी कल्पना उचलली. २०२० मध्ये विधेयक मंजूर झालं, गव्हर्नर लॅरी होगन यांनी ते नाकारलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये विधिमंडळाने त्यांचा नकार मोडून काढत कायदा केला. अमेरिकेत डिजिटल जाहिरातीवर असा वेगळा कर लावणारं हे पहिलं राज्य. वर्षाला सुमारे २५ कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता.

दर असे होते. कंपनीची जगभरातली वार्षिक उलाढाल १० कोटी ते १ अब्ज डॉलर असेल तर २.५ टक्के, १ ते ५ अब्ज असेल तर ५ टक्के, ५ ते १५ अब्जला ७.५ टक्के आणि १५ अब्जांच्या वर १० टक्के. मात्र हा दर लागणार तो फक्त मेरीलँडमधल्या डिजिटल जाहिरातीच्या कमाईवर, आणि ती कमाई निदान १० लाख डॉलर असेल तरच कर भरायचा.

उदाहरण घेऊ. समजा एका महाकाय कंपनीला मेरीलँडमधल्या जाहिरातींतून २० कोटी डॉलर मिळाले. तिची जगातली उलाढाल १५ अब्जांच्या वर आहे, म्हणून दर १० टक्के, कर २ कोटी डॉलर. दुसरी कंपनी मध्यम, जगभरात ३० कोटींची उलाढाल, मेरीलँडमध्ये २० लाखांची. तिला २.५ टक्क्यांनी ५० हजार डॉलर. म्हणजे किती रकमेवर कर लावायचा ते मेरीलँडमधल्या कमाईवरून, आणि किती टक्के लावायचा ते जगाच्या उलाढालीवरून. ही मेख लक्षात ठेवा, कारण वकिलांनी पुढे नेमकी हीच धरली.

आणि मेरीलँडमधली कमाई मोजायची कशी? तर बघणाऱ्यावरून. जाहिरात ज्या उपकरणांवर दिसली, म्हणजे फोन, संगणक वगैरे, त्यातली किती मेरीलँडमध्ये होती हे बघायचं आणि त्या प्रमाणात एकूण कमाईचा वाटा राज्याचा धरायचा. कंपनी कुठे आहे, जाहिरातदार कुठे आहे, याने फरक पडत नाही. वरच्या तीन उत्तरांपैकी तिसरं. मला हे उत्तर मनापासून पटतं. उपकरण कुठे आहे हे शोधणं अवघड आहे अशी तक्रार या कंपन्यांना करता येणार नाही, कारण अमुक भागातल्या माणसांनाच जाहिरात दाखवू, असं सांगूनच त्या ती विकतात.

नफा सोडून उलाढालीवर का?

इथे एक शंका नेहमी येते. आयकर नफ्यावर असतो, मग हा उलाढालीवर का?

कारण नफा हलवता येतो. एका देशातली शाखा दुसऱ्या देशातल्या स्वतःच्याच शाखेला प्रोग्राम वापरण्याचे, नाव वापरण्याचे पैसे देते. जिथे कर कमी तिथे नफा जाऊन बसतो, आणि जिथे गिऱ्हाईक आहे तिथे कागदावर किरकोळ काहीतरी उरतं. उलाढाल अशी लपवता येत नाही. जाहिरात विकली, पैसे आले, इतकं साधं.

पण उलाढालीवरचा कर आंधळा असतो हेही खरं. १०० रुपयांच्या विक्रीवर एका कंपनीचे ९५ खर्च होतात आणि ५ उरतात. दुसरीचे ६० खर्च होतात, ४० उरतात. १० टक्के कर दोघींकडून १० रुपयेच घेणार. दुसरीचा पाव नफा गेला, पहिलीला मात्र पदरचे ५ रुपये घालावे लागले. म्हणून असे कर लावणारी सरकारं मोठ्या उलाढालीची अट घालतात. ब्रिटनने एप्रिल २०२० पासून २ टक्के कर लावला, त्यात शोधयंत्रं आणि ऑनलाइन बाजारपेठांबरोबर समाजमाध्यमांचं नाव स्पष्ट घेतलं आणि जगभरात ५० कोटी पौंड व ब्रिटनमध्ये अडीच कोटी पौंड ही मर्यादा ठेवली. फ्रान्सने २०१९ मध्ये ३ टक्के लावला, जगभरात ७५ कोटी युरोंच्या मर्यादेसह. छोटा चिरडला जाऊ नये याची ही सोय आहे. तीच अमेरिकेच्या डोळ्यांत खुपते, कारण मर्यादेच्या वर राहतात त्यातल्या बहुतेक कंपन्या अमेरिकन असतात.

कोर्टातली लढाई

मेरीलँडचा कायदा होताच उद्योगांच्या संघटनांनी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात धाव घेतली. केबल आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कॉमकास्टसारख्या कंपन्या राज्याच्या कोर्टात गेल्या. आक्षेप मुख्यतः तीन होते, आणि तिन्ही समजून घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप भेदभावाचा. अमेरिकेत १९९८ पासून असा केंद्रीय कायदा आहे की राज्यांनी इंटरनेटवरच्या व्यापारावर भेदभाव करणारा कर लावू नये. २०१६ मध्ये तो कायमचा केला गेला. कंपन्या म्हणाल्या, छापील वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवर कर नाही, रस्त्यावरच्या फलकावर नाही आणि आमच्यावरच आहे, हा भेदभाव नाही तर काय? यावर कराच्या बाजूने उत्तर असं की दोन्हींना जाहिरात म्हणत असले तरी वस्तू वेगळी आहे. वर्तमानपत्र सगळ्या वाचकांना एकच जाहिरात दाखवतं. इथे प्रत्येकाची माहिती वापरून प्रत्येकाला वेगळी दाखवली जाते. मला हा युक्तिवाद दमदार वाटतो, पण १९९८ सालच्या कायद्याची भाषा त्याच्या सोयीची नाही. तो लिहिला गेला तेव्हा इंटरनेट हे जपायचं रोपटं होतं. आता त्याचा वड झाला, तरी कुंपण तेच आहे.

दुसरा आक्षेप हद्दीचा. आठवते ती मेख? मेरीलँडमध्ये सारखाच धंदा करणाऱ्या दोन कंपन्यांपैकी एकीला २.५ आणि दुसरीला १० टक्के, तेही राज्याबाहेरच्या उलाढालीमुळे. कंपन्यांचं म्हणणं, एका राज्याने बाहेरच्या व्यापाराला अशी शिक्षा देणं अमेरिकेच्या राज्यघटनेत बसत नाही. हा मुद्दा मला राज्याच्या बाजूचा सगळ्यांत कच्चा दुवा वाटतो. एकच दर ठेवून भागलं असतं.

तिसरा आक्षेप बिलावरच्या एका ओळीचा. कर गिऱ्हाइकांवर ढकलला जाऊ नये म्हणून मेरीलँडने २०२१ मध्येच दुरुस्ती केली. तिने एक म्हणजे वृत्तमाध्यमांना करातून वगळलं आणि कराची सुरुवात २०२२ वर नेली. दुसरं म्हणजे कंपनीने हा कर वेगळं शुल्क, अधिभार किंवा बिलावरची स्वतंत्र ओळ म्हणून जाहिरातदाराकडून वसूल करू नये अशी मनाई घातली. वाचताना छान वाटतं. पण नीट बघितलं तर मनाई कशाला आहे? दर वाढवायला नाही, कारण कंपनी गुपचूप दर वाढवू शकतेच. मनाई आहे ती गिऱ्हाइकाला सांगायला. कंपन्यांनी हा भाषणस्वातंत्र्याचा प्रश्न केला.

पुढचा प्रवास वळणावळणाचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्याच्या खालच्या कोर्टाने कर बेकायदा ठरवला. मे २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, पण कर योग्य आहे असं म्हणून नव्हे. आधी करखात्याकडे दाद मागायची पायरी तुम्ही गाळलीत, एवढंच कारण. इकडे फेडरल कोर्टाच्या वाटेवर १९३७ सालचा कायदा उभा होता: राज्याचा कर अडवायचं काम फेडरल कोर्टांनी करू नये, त्यासाठी राज्यात पुरेशी दाद आहे. त्यामुळे मुख्य करावर तिथे निकाल होऊ शकला नाही. मग कंपन्यांनी भरलेला कर परत मागितला आणि ते दावे मेरीलँडच्या कर न्यायालयात गेले.

बिलावरच्या ओळीचा प्रश्न मात्र फेडरल अपील कोर्टापर्यंत पोहोचला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे राज्य हरलं. करामुळे दर वाढला हे गिऱ्हाइकाला सांगण्यापासून कंपनीला रोखणं हे भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे, असं कोर्टाने म्हटलं.

मी या कराच्या बाजूचा माणूस. तरी या एका मुद्द्यावर कोर्टाचं बरोबर आहे असं मला वाटतं. ताईंना त्यांच्या ८,४०० रुपयांचं दुःख कमी होतं. ते कशाचे होते हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, याचं जास्त होतं. बिलावर ओळ असली तर निदान माणूस विचारतो: तुम्ही माझ्याकडून नेमकं किती घेतलंत आणि सरकारला किती भरलंत?

ढकलाढकली

कर कुणावर लावला आणि शेवटी कुणी सोसला, या दोन गोष्टी वेगळ्या. जो पर्याय नसल्यामुळे जागचा हलू शकत नाही, त्याच्यावर ओझं येतं. मोठी कंपनी जाहिरात टीव्हीवर नेऊ शकते, दर पाडून मागू शकते. घरून साड्या विकणारी बाई कुठे जाणार? तिचं गिऱ्हाईक त्याच पडद्यावर आहे.

हे अंदाजपंचे नाही. नोव्हेंबर २०२० पासून गूगलने ब्रिटनमधल्या जाहिरातदारांना २ टक्के आणि ऑस्ट्रिया व तुर्कस्तानात ५ टक्के जास्त आकारायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी फ्रान्स आणि स्पेनमध्ये २ टक्के. अ‍ॅमेझॉनने ब्रिटनमध्ये आपल्या बाजारपेठेवर विकणाऱ्यांचं शुल्क २ टक्क्यांनी वाढवलं. सरकारने दार लावायचं आणि पाण्याने फटीतून आत यायचं, असा हा प्रकार.

म्हणून कर लावूच नये का? तसं मला वाटत नाही. गावातला किराणा दुकानदार शाळेसाठी कर भरतो आणि त्याच गावातल्या नजरा विकून कमावणारी कंपनी काहीच भरत नाही, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण कराची बांधणी करताना छोट्या जाहिरातदाराचा विचार शेवटी न करता आधी करावा लागतो. भारतात तो नीट झाला नाही.

आपला ६ टक्के

ताईंनी भरला तो कर म्हणजे इक्वलायझेशन लेव्ही. लोक त्याला गूगल टॅक्स म्हणायचे. २०१६ च्या वित्त कायद्याने आणला, १ जून २०१६ पासून लागू झाला. भारतातल्या व्यावसायिकाने, इथे स्थायी आस्थापना नसलेल्या परदेशी कंपनीला ऑनलाइन जाहिरातीसाठी वर्षात १ लाख रुपयांपेक्षा जास्त दिले तर त्यावर ६ टक्के. कापून भरायची जबाबदारी पैसे देणाऱ्याची. कापले नाहीत तरी भरायचे त्यानेच, आणि चुकवले तर तो जाहिरातखर्चही हिशेबात धरला जात नसे. कंपनीला पूर्ण १ लाख पोहोचवायचे म्हटलं तर आकडा १,०६,३८३ रुपयांवर जायचा.

मुद्दाम एक युक्ती केलेली होती. ही लेव्ही आयकर कायद्यात घातली नाही, वित्त कायद्यात तिचं स्वतंत्र प्रकरण केलं. का? आयकरात घातली असती तर दुहेरी कराचे करार आडवे आले असते आणि कंपनीने विचारलं असतं, आमची आस्थापना कुठे आहे दाखवा. बाहेर ठेवल्यामुळे करार लागू होत नाही असं सरकारला म्हणता आलं. पण याची दुसरी बाजू अशी की कंपनीला मायदेशी या कराची वजावट मिळणं अवघड झालं, म्हणून तो दुसऱ्यावर ढकलायचं तिचं कारण आणखी पक्कं झालं.

पहिल्या वर्षी साधारण ३४० कोटी रुपये जमले. एप्रिल २०२० पासून ई-कॉमर्स चालवणाऱ्या परदेशी कंपन्यांवर २ टक्क्यांची दुसरी लेव्ही आली आणि आकडा हजारो कोटींत गेला. या दुसऱ्या लेव्हीत एक तरतूद होती जी फारशी कुणाच्या लक्षात आली नाही: दोन परदेशी कंपन्यांमधला जाहिरातीचा सौदाही, जाहिरात भारतातल्या गिऱ्हाइकाला उद्देशून असेल तर, करपात्र धरला होता. म्हणजे मेरीलँडप्रमाणेच, बघणारा कुठे आहे ते बघायचं.

अमेरिका गप्प बसली नाही. जानेवारी २०२१ मध्ये तिच्या व्यापार खात्याने २ टक्क्यांची लेव्ही अमेरिकन कंपन्यांशी भेदभाव करते असा निष्कर्ष काढला. जूनमध्ये भारतातून जाणाऱ्या काही मालावर २५ टक्के जादा आयातशुल्क जाहीर करून लगेच स्थगित ठेवलं. त्या यादीत कोळंबी होती, बासमती होता, दागिने होते. जाहिरातीच्या कराचं ओझं कोळंबी पकडणाऱ्यावर टाकायची ही धमकी. नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली.

तडजोडीमागे आशा होती ती जागतिक कराराची. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी एक सूत्र मान्य केलं होतं. ज्या कंपनीची उलाढाल २० अब्ज युरोंच्या वर आहे आणि नफा १० टक्क्यांपेक्षा जास्त आहे, तिच्या त्या जादा नफ्यातला चौथा हिस्सा गिऱ्हाइकांच्या देशांत वाटायचा. उलाढालीऐवजी नफ्यावर कर, तोही बाजार जिथे आहे तिथे. कागदावर याहून चांगला तोडगा मी वाचलेला नाही. पण अमेरिकेशिवाय तो चालणार नव्हता, आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी हा करार आपल्याला लागू नाही असं सांगून टाकलं. फेब्रुवारीत त्यांनी डिजिटल कर लावणाऱ्या देशांवर आयातशुल्काचा इशारा दिला. कॅनडाने ३ टक्क्यांचा कर पहिला हप्ता वसूल व्हायच्या आदल्या दिवशी, २९ जून २०२५ ला, मागे घेतला. भारताने त्याआधीच हात आवरले होते. २ टक्क्यांची लेव्ही १ ऑगस्ट २०२४ ला गेली आणि ६ टक्क्यांची १ एप्रिल २०२५ ला.

आपल्या आयकर कायद्यात अजून एक तरतूद आहे. परदेशी कंपनीची भारतात २ कोटी रुपयांची कमाई किंवा ३ लाख वापरकर्ते असले तर तिचं इथे लक्षणीय आर्थिक अस्तित्व धरायचं. वापरकर्ते मोजणारा कायदा! पण ज्या देशांशी दुहेरी कराचे करार आहेत त्या देशांच्या कंपन्यांना करार आधी लागतो, आणि करारात जुनी आस्थापनाच बसलेली आहे. त्यामुळे कायदा पुस्तकात राहतो.

वापरणाऱ्यावरच कर लावला तर?

युगांडाने ते करून बघितलं. जुलै २०१८ पासून व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर वापरायचं तर माणशी रोज २०० शिलिंग. गरिबाने जोडणी बंद केली, जाणत्याने आडवाटेने कर चुकवला आणि कंपन्यांना काहीच तोशीस पडली नाही. २०२१ मध्ये तो कर गेला, त्याच्या जागी इंटरनेट डेटावर १२ टक्के आले. याहून उलटा कर कल्पनेतही येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात माणशी कराचाच प्रस्ताव आला, पण तो कंपनीने भरायचा होता, वापरकर्त्यामागे महिन्याला १० ते ५० सेंट. मंजूर झाला नाही. तरी कल्पना विचार करण्यासारखी आहे: जाहिरातदाराचं बिल यात मोजलंच जात नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर टक्केवारी चढवायचं सोपं निमित्त कंपनीला मिळत नाही. १९९८ च्या कायद्याची अडचण मात्र तिथेही राहते.

मग महाराष्ट्र हे करू शकतो का?

आधी आज काय मिळतं ते बघू. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. ताईंनी ५,००० रुपयांची जाहिरात घेतली तर ९०० रुपये. त्यांची जीएसटी नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते, नसेल तर ते पैसे त्यांचेच जातात. जीएसटी सेवा घेणाऱ्याच्या राज्याकडे येतो, म्हणून यातला वाटा महाराष्ट्राला मिळतो. पण हा कर कंपनीच्या कमाईवर नाही, खरेदीवर आहे. आणि तो जाहिरातदाराचं राज्य बघतो, बघणाऱ्याचं नाही. मुंबईतल्या बड्या कंपनीची जाहिरात बिहारच्या खेड्यात दिवसभर दिसली तरी वाटा महाराष्ट्राचा. बेंगळुरूच्या कंपनीने नंदुरबारच्या पोरांना दिवसभर जाहिराती दाखवल्या तर महाराष्ट्राला त्यातलं काही नाही. मुंबई-पुण्यामुळे आपल्याला ही पद्धत सोयीची आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं.

आणि मेरीलँडसारखा स्वतंत्र कर? आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ५५ क्रमांकाची नोंद होती: वर्तमानपत्रं, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी सोडून इतर जाहिरातींवरचा कर. समाजमाध्यमं येण्याच्या कितीतरी आधीची ही नोंद. ती शब्दशः वाचली तर फोनच्या पडद्यावरची जाहिरात राज्याच्या करकक्षेत येते, असा दावा एखाद्या राज्याला करता आला असता. मेरीलँडला जो भेदभावाचा प्रश्न आडवा आला तोही इथे आला नसता, कारण वर्तमानपत्राला वगळणं नोंदीतच लिहिलेलं होतं.

२०१६ साली जीएसटीसाठी १०१ वी घटनादुरुस्ती झाली. त्यात अनेक जुने कर एकत्र झाले आणि ५५ क्रमांकाची नोंद वगळली गेली. केंद्राने ऑनलाइन जाहिरातीवर ६ टक्के लावायला सुरुवात केली तेही त्याच वर्षी. आज केंद्राची ती लेव्हीही नाही आणि राज्याची ती नोंदही नाही. बघणाऱ्याच्या जागेवरून वाटा ठरवायचा झाला तर तो प्रश्न आता जीएसटी परिषदेत मांडावा लागेल, आणि तिथे तो मांडण्याचं कारण महाराष्ट्रापेक्षा बिहार आणि उत्तर प्रदेशाकडे जास्त आहे.